रनिंग फूट

मुर्तुजाभाईंनी फीत लावली. समोर चौदा, बाजूंना सहा-सहा.
सव्वीस फूट. पेन्सिल परत कानामागे.
रनिंग फुटाला सोळाशे पन्नास, बारा एमेम, टफन्ड,
हत्ती टेकला तरी हलायची नाही, म्हणाले.
सुदामानगरात हत्ती वर्षातून एकदा येतो,
सोंडेत पाच रुपये घेऊन पुढच्या गल्लीत जातो.
गॅलरीत टेकल्याचं ऐकिवात नाही.

मी बिजलीच्या ऑफिसात एकतीस वर्षं
लोकांची बिलं तपासली.
आकडा दिसला की त्याच्या मागे मागे जायची खोड आहे.
बेचाळीस हजार नऊशे.
वर अठरा टक्के. पन्नास हजार सहाशे बावीस.
स्टीलचे खुंटे तीनशे चारचेच घ्या,
दोनशे दोनचे दुसऱ्या पावसाळ्यात तांबडे रडतात,
हे निनादनं ऑकलंडहून सांगितलं.
पैसेही तोच देणार.
"बाबा, फोटोत ते ग्रिल जेलसारखं दिसतं."

शरयूचा प्रश्न एकच: टॉवेल कुठे वाळत घालू?
मुर्तुजाभाईंनी डोळे मिटून मान हलवली,
जणू हा प्रश्न त्यांना घरोघरी भेटतो
आणि घरोघरी तसाच राहतो.

जुना कठडा लोखंडी. वर हिरवा ऑइलपेंट,
टवका उडेल तिथं निळा, निळ्याखाली रेड ऑक्साइड.
डावीकडून अकरावी सळई वाकलेली.
खाली पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत होता,
बुडबुडे बघायला चार वर्षांच्या निनादनं डोकं बाहेर काढलं.
गेलं.
परत येईना.
साबण झाला, गोडं तेल झालं,
शरयूनं नर्मदामाईला नारळ कबूल केला.
शेवटी चौरसियाजी ॲम्बेसेडरचा जॅक घेऊन धावत आले,
दोन सळयांच्या मध्ये बसवला,
आणि लोखंड करकरत, नको नको म्हणत
बोटभर बाजूला झालं.
पोराचे कान लालभडक, डोळे कोरडे.
पहिला प्रश्न: पंक्चर सापडलं का?

कबाडी आला. काट्यावर बासष्ट किलो.
अकरावी सळई बाजूला ठेव, असं मी सांगणार होतो.
त्याआधी सवयीनं विचारलं, वाकडीला भाव कमी का?
"टेढ़ी हो या सीधी, बाबूजी, लोहा तो लोहा."
बासष्ट गुणिले एकतीस, एकोणीसशे बावीस.
मनातच वजा केले.
उरले अठ्ठेचाळीस हजार सातशे. वर एक रुपया नाही, खाली नाही.
हिशेब इतका सुबक आला
की त्या आनंदात बोलायचं राहून गेलं.
हातगाडी वळली तेव्हा ती सळई वरच होती,
ओझ्यातून कोपर काढून बसल्यासारखी.

काच बसली.
पहिले आठ दिवस मी भिंतीला धरून चाललो,
रस्ता एकदम पायाशी आल्यासारखा.
मग एक होला येऊन धडकला, जरा बसला, उडाला,
पंखांची भुकटी तेवढी काचेवर ठेवून.
बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरनं जातात.
महिना शंभर रुपये, जुनी वर्तमानपत्रं वेगळी.
टॉवेल आता गच्चीवर,
एकोणीस पायऱ्या, शरयूचे दोन्ही गुडघे.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते ऑफिसानं कधी शिकवलं नाही.

रविवारी निनादचा फोन. दाखवा ना.
मी मोबाइल काचेसमोर धरला.
इकडून फिरवला, तिकडून फिरवला.
"बाबा, कुठंय? काच दिसतच नाहीये."
अंगठीनं वाजवून दाखवली. टण्.
"हां, ऐकू आली. पण दिसत नाही.
नुसता रस्ता दिसतोय."

तेवढ्याचेच पैसे आहेत रे, म्हटलं.